‘पुग्ना’ची मूठ: लॅटिनमधल्या लढाईच्या शब्दाचं मूळ कसं शोधायचं

टायर पंक्चर होतो, भाषणात तीन पॉइंट मांडले जातात आणि बॉक्सर पंच मारतो. मराठीत रुळलेले हे तिन्ही शब्द इंग्रजीतून आले असले तरी त्यांची नाळ लॅटिनमधल्या एकाच धातूशी जुळते. लॅटिनमध्ये लढाईला जो रोजचा शब्द होता, ‘पुग्ना’, तोही त्याच धातूचा. हे नातं कोणी सांगितलं की लगेच पटतं. ते सिद्ध करायचं तर मात्र ठरावीक क्रमाने जावं लागतं: आधी ध्वनी, मग पुरावा, अर्थ सगळ्यात शेवटी. बहुतेक हौशी लोक याच्या बरोबर उलटे जातात. अर्थ जुळला की खूश होतात आणि ध्वनी ओढूनताणून बसवतात.

इथे ‘पुग्ना’ हा एकच शब्द घेऊन सगळी उकल केली आहे. पद्धत दुसऱ्या कुठल्याही लॅटिन शब्दाला लागू पडते. संस्कृतची थोडीफार ओळख असलेल्या मराठी वाचकाला यात मोठा फायदा आहे आणि एक खास धोकाही आहे. दोन्ही पुढे येतील.

जवळ काय ठेवायचं

एक चांगला लॅटिन कोश, ज्यात प्रत्येक अर्थाखाली जुनी उदाहरणं दिलेली असतात. ऑक्सफर्डचा लॅटिन कोश पुरतो. एक व्युत्पत्तिकोश, मिखिल दे वान यांचा २००८चा कोश सध्या सगळ्यात हाताशी येणारा आहे. शब्दाच्या प्रत्येक वापराचा माग हवा असेल तर म्युनिकमध्ये १८९४पासून चाललेला ‘थेसाउरुस’ हा महाकोश आहे. तो अजून पुरा झालेला नाही, पण पी या अक्षराचं काम झालं आहे, त्यामुळे ‘पुग्ना’चं सगळं घराणं त्यात सापडतं. शिवाय कोरी कार्डं घ्या. एका कार्डावर एकच शब्द लिहायचा. वहीत सलग लिहीत गेलात तर पुढे क्रम बदलता येत नाही, आणि या कामात क्रम चार-पाच वेळा बदलतो.

व्युत्पत्तिकोश पहिल्या दिवशी उघडू नका. उत्तर आधी वाचलं की पुरावा त्या उत्तराच्या चष्म्यातूनच दिसायला लागतो.

पहिलं काम: घरातली माणसं गोळा करा

दुसऱ्या भाषेत डोकावण्याआधी लॅटिनमधलेच नातेवाईक शोधायचे. नाम असेल तर प्रथमा आणि षष्ठी दोन्ही लिहा, कारण प्रथमेत शब्दाचं अंग पुष्कळदा लपलेलं असतं. ‘रेक्स’ म्हणजे राजा, पण षष्ठीचं ‘रेगिस’ पाहिल्याशिवाय त्यातला ‘ग’ दिसत नाही. क्रियापद असेल तर वर्तमान, पूर्ण भूतकाळ आणि भूतकाळवाचक धातुसाधित अशी तीन रूपं घ्या.

‘पुग्ना’च्या घरात ही मंडळी निघतात. ‘पुग्नुस’ म्हणजे मूठ. ‘पुग्नारे’ म्हणजे लढणे. ‘पुगिल’, षष्ठी ‘पुगिलिस’, म्हणजे मुष्टियोद्धा. ‘पुगिल्लुस’ म्हणजे मूठभर. ‘पुगिल्लारेस’ म्हणजे मुठीत मावतील अशा मेण लावलेल्या लिहायच्या पाट्या. ‘पुगिओ’, षष्ठी ‘पुगिओनिस’, म्हणजे खंजीर. आणि जरा लांब बसलेलं ‘पुंगो’, म्हणजे मी टोचतो. त्याचा भूतकाळ ‘पुपुगी’ आणि धातुसाधित ‘पुंक्तुम’, म्हणजे टोचलेलं, टिंब. पॉइंट आणि पंक्चर या ‘पुंक्तुम’च्या बाजूने आले. पंच हा फ्रेंचमधल्या टोकदार हत्याराच्या नावावरून इंग्रजीत शिरला, आणि ते नावही याच शाखेचं.

आता यातला बाप कोण आणि मुलगा कोण, हे ठरवा. लॅटिनमध्ये साधारण रीत अशी की आ-कारान्त नामावरून ‘आरे’चं क्रियापद होतं: ‘कूरा’ म्हणजे काळजी, त्यावरून ‘कूरारे’. म्हणून पहिल्या झटक्यात ‘पुग्ना’वरून ‘पुग्नारे’ झालं असं वाटतं. इथे गाडी उलटी चालली आहे. ‘पुग्नुस’ म्हणजे मूठ, त्यावरून ‘पुग्नारे’ म्हणजे मुठी चालवणे, आणि त्या क्रियापदावरून मागाहून ‘पुग्ना’ हे नाम पाडलं गेलं. अर्थाची साखळी अशीच नीट लागते. ‘मूठ’ या पुल्लिंगी नामापासून थेट ‘लढाई’ हे स्त्रीलिंगी नाम का निघावं, याचं कारण सापडत नाही. मधे क्रियापद घातलं की ते सापडतं. मराठीतही ‘हाणणे’ आधी आणि ‘हाणामारी’ नंतर. कार्डांवर बाण काढा: पुग्नुस, मग पुग्नारे, मग पुग्ना. हा बाण चुकला तर पुढे तुम्ही मुठीचं मूळ शोधण्याऐवजी लढाईचं शोधत बसाल.

‘ग्न’ या जोडाक्षरावर विश्वास ठेवू नका

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हे सावकाश पाहू.

‘पुग्नुस’मध्ये ‘ग’ लिहिलेला आहे. मग धातूतही ‘ग’ असणारच, असं समजून पुढे जायचा मोह होतो. पण लॅटिनमध्ये ‘न’च्या आधी आलेला ‘क’सुद्धा ‘ग’ होतो. ‘दिग्नुस’ म्हणजे लायक. हा शब्द ‘देकेत’ म्हणजे ‘शोभतं’ याच्या घरातला, म्हणजे मुळात ‘क’वाला. ‘न’ला चिकटल्यावर त्या ‘क’चा ‘ग’ झाला. तेव्हा ‘पुग्नुस’ एकटा समोर ठेवला तर धातू ‘पुक्’ही असू शकतो आणि ‘पुग्’ही.

हा बदल मराठी माणसाला नवा नाही. वाक् आणि मय जोडलं की वाङ्मय होतं. ‘क’ पुढच्या अनुनासिकाकडे ओढला जातो आणि स्वतः अनुनासिक होतो. लॅटिनमध्येही लिहायचे ‘ग्न’ आणि म्हणायचे ‘ङ्न’. म्हणजे ‘पुग्नुस’चा उच्चार ‘पुङ्नुस’च्या जवळचा होता. याची साक्ष लॅटिनमधूनच निघालेली रोमानियन भाषा देते. तिच्यात मूठ म्हणजे ‘पुम्न’. लाकूड, लॅटिन ‘लिग्नुम’, तिथे ‘लेम्न’ झालं. खूण, लॅटिन ‘सिग्नुम’, तिथे ‘सेम्न’. ‘ङ्न’चं ‘म्न’ व्हायला फार लांब जावं लागत नाही, एक अनुनासिक जाऊन दुसरा येतो. इटालियन, स्पॅनिश आणि फ्रेंच यांनी त्याच जोडाक्षराचा ‘ञ’ केला: इटालियनमध्ये मूठ ‘पुञ्ञो’, स्पॅनिशमध्ये ‘पुञो’.

मग ‘क’ की ‘ग’ हे ठरवायचं कसं? ज्या रूपात त्या व्यंजनाच्या पुढे स्वर आहे, ते रूप बघा. स्वरापुढे ‘क’ आणि ‘ग’ यांची सरमिसळ होत नाही. ‘पुगिल’ घ्या: ‘ग’च्या पुढे ‘इ’. ‘पुपुगी’ घ्या: पुन्हा ‘ग’पुढे स्वर. प्रश्न मिटला, धातू ‘पुग्’. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती न केल्यामुळे पुढची दोन पानं वाया जातात. ग्रीकमध्ये ‘प’, ‘उ’, ‘क’ असलेला आणि ‘टोकदार, तिखट’ अशा अर्थाकडे झुकणारा शब्दांचा एक वेगळा गट आहे, आणि तपासणी न करणारा हमखास त्यात जाऊन अडकतो.

जाता जाता स्वराबद्दल. काही जुन्या कोशांत ‘ग्न’च्या आधीच्या स्वरावर दीर्घाची खूण दिसते, कारण सहाव्या शतकाच्या सुमारास प्रिस्किआन या वैयाकरणाने तसा नियम सांगून ठेवला. रोमान्स भाषा, म्हणजे फ्रेंच, इटालियन यांसारख्या लॅटिनच्या लेकी, त्याला दुजोरा देत नाहीत. दीर्घ ‘ऊ’ असता तर फ्रेंचमध्ये त्याचा ओठ पुढे काढून म्हणायचा ‘यू’ झाला असता, जसा ‘लूना’चा ‘ल्यून’ झाला. मुठीला फ्रेंच शब्द आहे ‘प्वँ’. हा ऱ्हस्व ‘उ’चाच वारस. तेव्हा कार्डावर ऱ्हस्व लिहा.

‘पुंगो’मधला मधला ‘न’

‘पुगिल’मध्ये ‘न’ नाही, ‘पुपुगी’त नाही, मग ‘पुंगो’त कुठून आला? संस्कृत शिकलेल्याने इथे हसायला हरकत नाही, कारण उत्तर घरात आहे. संस्कृत धातूंचा रुधादि गण आठवा. युज् धातूच्या पोटात श्नम्, म्हणजे एक ‘न’, शिरतो आणि युनक्ति, युञ्जन्ति अशी रूपं होतात. युग या नामात तो ‘न’ नसतो. लॅटिनमध्ये नेमकं हेच: ‘युंगो’ म्हणजे मी जोडतो, आणि ‘युगुम’ म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. आपलं ‘जू’सुद्धा युग या शब्दाचंच घासलेलं रूप. तर जसा ‘युंगो’ आणि ‘युगुम’ यांचा जोडा, तसा ‘पुंगो’ आणि ‘पुग्’ यांचा. ‘न’ हा वर्तमानकाळाचा पाहुणा, धातूचा भाग नव्हे. तो खोडून मगच धातू लिहायचा.

‘पुपुगी’मधलं द्वित्वही ओळखीचं आहे. संस्कृतात तुद् म्हणजे टोचणे, ठोसणे; त्याचा परोक्ष भूतकाळ तुतोद. लॅटिनमध्ये ‘तुंदो’ म्हणजे मी ठोकतो आणि ‘तुतुदी’ म्हणजे मी ठोकलं. हे दोघे खरे सख्खे भाऊ आहेत. ‘पुंगो, पुपुगी’ आणि ‘तुंदो, तुतुदी’ एकाच साच्यातून निघालेत, आणि अशी द्वित्वाची रूपं लॅटिनमध्ये जुन्या थराची असतात. म्हणजे ‘पुंगो’ हे क्रियापद उसनं किंवा उशिरा बनलेलं नाही, हा निष्कर्ष इथे कार्डावर चढवता येतो.

‘पुग्’ हे धातूचं दुबळं रूप. सबळ रूप ‘पेउग्’ असं मांडतात आणि त्याआधी तारा काढतात: *पेउग्. तारा म्हणजे हे रूप कुठेही कोरलेलं किंवा लिहिलेलं सापडलेलं नाही, तर्काने उभं केलेलं आहे. युज् आणि योग यांच्यात जे गुणाचं नातं, तेच ‘पुग्’ आणि ‘पेउग्’ यांच्यात. तारा विसरणं ही लहान चूक वाटते, पण पुढचा वाचक ते रूप एखाद्या शिलालेखात आहे असं धरून चालतो.

ग्रीककडे जाताना

आता सीमा ओलांडायला हरकत नाही. ग्रीकमध्ये ‘प्युग्मे’ म्हणजे मूठ आणि मुष्टियुद्धही. ‘प्युक्स’ म्हणजे मुठीने. ‘प्युक्तेस’ म्हणजे मुष्टियोद्धा. अर्थ तंतोतंत जुळतो, आणि म्हणूनच इथे जास्त सावध राहायचं. ग्रीकमध्येही ‘म’च्या आधी ‘क’चा ‘ग’ होतो, आणि ‘क्स’, ‘क्त’ यांत ‘ग’चा ‘क’ होतो. म्हणजे वरच्या तीनही शब्दांतून ‘क’ की ‘ग’ हे कळत नाही. स्वरापुढचं रूप पुन्हा शोधा. ते आहे ‘प्युगोन’: कोपरापासून बोटांच्या पहिल्या पेरापर्यंतचं माप. ‘ग’पुढे ‘ओ’ आहे, काम झालं.

मापाचं निघालंच आहे तर: ‘प्युग्मे’ हेही माप होतं, कोपरापासून मिटलेल्या मुठीच्या सांध्यांपर्यंत, १८ बोटं, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर. ‘प्युगोन’ २० बोटांचा. हात टेबलावर ठेवून मूठ मिटा, मग बोटं पहिल्या पेरापर्यंत सोडा. दोन बोटांचा फरक डोळ्यांना दिसतो. याच ‘प्युग्मे’वरून हातभर उंचीच्या कल्पित लोकांना ग्रीकांनी ‘प्युग्माइओइ’ म्हटलं, आणि पिग्मी हा शब्द तिथून जगभर गेला.

ग्रीक आणि लॅटिन शब्द जुळवताना प्रत्यय वेगळे काढा. ‘प्युग्मे’त ‘मे’ आहे, ‘पुग्नुस’मध्ये ‘नुस’. दोन भाषांनी एकाच धातूला आपापला प्रत्यय लावला. हे चांगलंच लक्षण आहे, कारण शब्द उसना घेतला असता तर प्रत्ययासकट आला असता. ग्रीकांकडून रोमनांनी मुष्टियुद्धाबद्दल बरंच काही घेतलं. ऑलिम्पियाच्या खेळांत तो प्रकार परंपरेनुसार इ.स.पू. ६८८मध्ये सुरू झाला. तरी शब्द मात्र रोमनांच्या घरचाच होता.

इथे एक गोष्ट मोकळी सोडावी लागते. लॅटिन, ग्रीक, संस्कृत या सगळ्या जिच्यातून निघाल्या त्या आदि-भाषेत साधा आणि तालव्य असे वेगळे ‘ग’ होते. लॅटिन आणि ग्रीक दोघींनी ते एकत्र केले. फरक कळतो तो संस्कृत, अवेस्ता, लिथुएनियन किंवा स्लाव्ह भाषांतल्या नातेवाइकाकडून: लॅटिन ‘गेनू’, म्हणजे गुडघा, याच्यासमोर संस्कृतात जानु उभा राहतो आणि तालव्य ‘ग’ लगेच ओळखू येतो. ‘पुग्नुस’समोर संस्कृतात असा खात्रीचा सोयरा नाही. तेव्हा कार्डावर ‘ग, साधा की तालव्य ते अनिश्चित’ असंच लिहायचं. मुष्टी, मूठ यांचा ‘पुग्नुस’शी काही संबंध नाही, पुंज तर मुळीच ओढून आणू नये.

अर्थ आता बघा, आणि तारीखवार

धातूचा अर्थ ‘टोचणे’ की ‘ठोसा मारणे’? ‘पुंगो’ म्हणतो टोचणे, ‘पुग्नुस’ म्हणतो मूठ. जोडणारा धागा बहुतेक अभ्यासक असा लावतात: मिटलेल्या मुठीचे पुढे आलेले सांधे हेच ‘टोचणारं’ टोक. मराठीत ठोसा आणि ढोसणे हेही जवळच राहतात. हा दुवा संभाव्य आहे. ध्वनीइतका पक्का नाही, म्हणून कार्डावर तसं म्हणा. ‘पुगिओ’ हा खंजीर टोचतो म्हणून, की मुठीत धरतात म्हणून, यावर मतं विभागलेली आहेत. धातू दोन्हीकडे तोच असल्याने त्यावर वेळ घालवू नका.

नंतर जुन्यात जुने वीसेक वापर काढून तारीखवार लावा. लॅटिनमध्ये बोलीच्या जवळचा सगळ्यात जुना मोठा साठा म्हणजे प्लाउतुसची नाटकं, तो इ.स.पू. १८४च्या सुमारास वारला. त्याच्या ‘अँफित्रुओ’ या नाटकातला पहिलाच प्रवेश या कामासाठी सोन्यासारखा आहे. सोसिआ हा गुलाम रात्री घरी येतोय आणि मालकाच्या विजयाची बातमी कशी सांगायची याची मोठमोठ्या शब्दांत तालीम करतोय. तिथे तो युद्धाला जुनं भारदस्त ‘दुएल्लुम’ वापरतो. दारात मर्क्युरी देव सोसिआचंच रूप घेऊन उभा, आणि तो बोलतोय मुठींबद्दल: ‘पुग्नुस’, पुन्हा ‘पुग्नुस’. एकाच प्रवेशात एक शब्द दरबारी पोशाखात आणि दुसरा बाह्या सरसावलेला. शब्दाची पातळी कोशापेक्षा अशा जागी जास्त स्पष्ट कळते.

पुढे मूठ विरत जाते. ‘पुग्नाम पुग्नारे’ हा लॅटिन प्रयोग आपल्या ‘लढाई लढणे’सारखाच. घोडदळाची पुग्ना होते, आरमाराची पुग्ना होते, इ.स.पू. २१६ची कान्नीची लढाईही पुग्ना. ‘ओप्पुग्नारे’ म्हणजे शहरावर चढाई करणे आणि ‘एक्सपुग्नारे’ म्हणजे ते जिंकूनच बाहेर पडणे. दोन्हीत तटबंदी फोडणारी यंत्रं आहेत, मूठ कुठेच नाही. शब्दाच्या मुळातला अर्थ आणि वापरातला अर्थ वेगळ्या रकान्यांत लिहायचे ते याचसाठी. कान्नीला सैनिक मुठींनी लढले असं कोणी म्हणणार नाही, पण मुळावरून वापर ठरवणारे नेमकं तसलंच काहीतरी म्हणून बसतात.

लढण्याचे इतर लॅटिन शब्द चाळून ठेवा, तुलनेला उपयोगी पडतात. ‘दिमिकारे’त ‘मिकारे’, म्हणजे लकाकणे, थरथरणे आहे. ‘कोन्फ्लिगेरे’त आदळणे आहे. ‘केर्तारे’ हे ‘केर्नेरे’, म्हणजे निवडणे, निकाल लावणे, यावरून. ‘प्रोएलिउम’चं मूळ लागलेलं नाही.

मराठी वाचकाची तीन खास भुलवणी

पहिलं: इंग्रजीतला फिस्ट. मूळचा ‘प’ जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, भाषांत ‘फ’ होतो, म्हणून ‘पुग्नुस’ आणि फिस्ट एकच, असं वाटतं. जुन्या स्लाव्होनिकमध्ये मुठीच्या शब्दात अनुनासिक स्वर आहे. तो जमेस धरला की फिस्टचं नातं पाच या अंकाशी लागतं, असं सर्वसाधारण मत आहे. म्हणजे फिस्टचा जवळचा माणूस ‘पुग्नुस’ नसून पंच हा संस्कृत अंक, आणि फारसी ‘पंज’वरून आलेला आपला पंजा.

दुसरं: युद्ध. संस्कृतातल्या युध् धातूचा लॅटिन भाऊ लढाईच्या शब्दांत शोधत बसलात तर सापडणार नाही. तो आहे ‘युबेओ’ म्हणजे मी हुकूम करतो. ध्वनी बघा. मूळचा ‘ध’ लॅटिनमध्ये ‘उ’च्या पाठोपाठ किंवा ‘र’च्या शेजारी ‘ब’ होतो: रुधिरसमोर ‘रुबेर’ म्हणजे तांबडा, ऊधस् म्हणजे कास, त्यासमोर ‘ऊबेर’. म्हणून युध् समोर ‘युब्’. ग्रीक भावाने लढाईचा अर्थ राखला, तो ‘ह्युस्मिने’. मूळ अर्थ ‘हलणे, खवळणे’ असा धरतात. एकीकडे त्याचं युद्ध झालं, दुसरीकडे कोणाला तरी हलवणं, म्हणजे हुकूम. अर्थावरून शोधणाऱ्याला हा भाऊ कधीच भेटला नसता.

तिसरं सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक: द्वंद्व. लॅटिनमध्ये युद्धाला ‘बेल्लुम’, आणि त्याचं जुनं रूप ‘दुएल्लुम’. आपल्याकडे द्वंद्व, द्वंद्वयुद्ध. इंग्रजीत ड्युएल म्हणजे दोघांची लढत. सगळं इतकं जुळतं की कार्ड भरून मोकळं व्हावंसं वाटतं. थांबा आणि जेवढं सिद्ध होतं तेवढंच घ्या.

सिद्ध होतं ते हे: लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ‘दु’ अधिक स्वर, म्हणजे ‘द्व’, पुढे ‘ब’ झाला. रोममध्ये १८८०मध्ये सापडलेल्या जुन्या भांड्यावर ‘दुएनोस’ कोरलेलं आहे. तेच पुढचं ‘बोनुस’, चांगला. ‘दुइस’चं ‘बिस’ झालं, दोनदा, संस्कृतात द्विस्. रोमच्या सिनेटच्या इ.स.पू. १८६च्या हुकुमाचा कांस्यपट १६४०मध्ये दक्षिण इटलीतल्या तिरिओलोला सापडला आणि आता व्हिएन्नात आहे. त्यावर युद्धदेवतेच्या देवळाचा उल्लेख ‘दुएलोना’ नावाने आहे. तीच नंतरची बेल्लोना. त्यात ‘ल’ एकच दिसतो, कारण त्या लेखात दुहेरी व्यंजनं एकेरीच लिहिली आहेत. त्यावरून वेगळा उच्चार काढू नका. गंमत म्हणजे ‘युबेओ’चं जुनं ‘यौबे-’ हे रूपही याच पटावर आहे. वार्रो आणि किकेरो (इंग्रजीत सिसेरो) या दोघा रोमन लेखकांनाही ‘दुएल्लुम’चं ‘बेल्लुम’ झालं हे माहीत होतं. किकेरोने तर जोडीला ‘दुइस, बिस’ हेच उदाहरण दिलं आहे.

‘दुएल्लुम’पाशी पक्की वाट संपते. ‘दुओ’ म्हणजे दोन यावरून तो आला म्हणायचं, तर उरलेल्या ‘एल्लुम’चा हिशोब लागत नाही. आणि दोघांची झुंज हा अर्थ मध्ययुगीन लॅटिनमधला. रोमनांच्या काळी ‘दुएल्लुम’ म्हणजे राज्याराज्यांतलं सरळ युद्ध. ध्वनिसाम्यामुळे मध्ययुगातल्या लेखकांना त्यात ‘दोन’ ऐकू आलं आणि अर्थ त्याप्रमाणे वळला. ‘दुएनोस’शी त्याचा संबंध लावण्याचा प्रयत्न झाला आहे, पण त्यावर एकमत नाही. कार्डावर लिहा: दुएल्लुमपर्यंत पक्कं, पलीकडे वादग्रस्त.

तारखांचाही एक सापळा इथे आहे. रोमन कवी होरेस इ.स.पू. पहिल्या शतकात ‘दुएल्लुम’ वापरतो. त्यावरून तेव्हा लोक तसं बोलत होते असं धरू नका. कवी मुद्दाम जुना शब्द काढतात, जसं आजच्या कवितेत कोणी ‘समरांगण’ म्हणतं.

जुन्या पंडितांचं ऐकायचं का? ऐकायचं, पण साक्षीदार म्हणून. सेव्हिलच्या इसिडोरने (मृत्यू ६३६) लिहिलं की आधी लोक मुठींनी लढत म्हणून ‘पुग्ना’ हे नाव. नातं बरोबर निघालं. त्यानेच लिहिलं की लढणारे पक्ष दोन म्हणून ‘दुएल्लुम’. तिथे तो फसला. पद्धत दोन्हीकडे तीच होती, कानाला जुळतंय ते जोडायची.

शेवटचं कार्ड

आता व्युत्पत्तिकोश उघडा आणि आपलं कार्ड ताडून पाहा. साधारण असं दिसायला हवं:

पुग्ना, स्त्रीलिंगी, लढाई. पुग्नारेवरून उलट पाडलेलं नाम. पुग्नारे हे पुग्नुस, मूठ, यावरून. पक्कं.

पुग्नुस: पुग् अधिक नुस. ‘ग’ हा ‘क’ नव्हे; साक्ष पुगिल, पुपुगी. पक्कं.

पुंगो त्याच धातूचं, ‘न’ मधे घातलेला. ध्वनीने पक्कं, अर्थाने संभाव्य.

ग्रीक प्युग्मे, प्युगोन: तोच धातू, प्रत्यय वेगळा, उसना नव्हे. पक्कं.

धातू *पेउग्, टोचणे. ‘ग’ची जात अनिश्चित, संस्कृतात खात्रीचा शब्द नाही.

संबंध नाही: मुष्टी, पुंज, फिस्ट, युध्, दुएल्लुम.

शेवटची ओळ गाळू नका. सहा महिन्यांनी तेच साम्य पुन्हा नजरेस पडतं, आणि ते आधी का फेटाळलं होतं हे तेव्हा आठवत नाही. प्रत्येक नावापुढे कारणाचा एक शब्द टाकून ठेवा: मुष्टीपुढे ‘ध्वनी’, फिस्टपुढे ‘अनुनासिक’, दुएल्लुमपुढे ‘प्रत्यय’.